संगणकाचा पत्ता व त्याचें यतिस्थान



पुण्याहून साताऱ्याकडे जातांना वाटेंत कापूरहोळ लागतें. तेथें उजव्या हातास भोरचा रस्ता फुटतो व डाव्या हातास नारायणपुरावरून सासवडकडे जाणारा. ज्यास भोरास जावयाचें आहे त्याला ह्या फाट्यावर एकच गोष्ट ठरवावयाची असते : वळावयाचें कीं सरळ जावयाचें. भोरास राजवाड्याजवळ उतरावयाचें, कीं पुढें वरंध घाटानें महाडास जावयाचें, हा विचार येथें करण्याचें कारण नाहीं. दोघेही येथें उजवीकडेच वळणार. नेमकें घर शोधण्याचें काम गांवांत पोंचल्यावरचें.

पत्राची गोष्टही अशीच आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या टपालखात्यानें पिनकोड सुरू केला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या अधिकाऱ्यांनीं आंखली; हे गृहस्थ संस्कृतचे कवीही होते. भोरचा पिनकोड ४१२२०६. त्यांतील पहिला ४ हा आंकडा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड ह्या विभागाचा. पहिले तीन आंकडे मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा कळतो, आणि शेवटच्या तिहींवरून पत्र वांटणारी टपालकचेरी. दूर कलकत्त्यास पत्रें निवडणाऱ्या मनुष्यास भोर कोठें आहे हें ठाऊक नसलें तरी चालतें. तो पहिले आंकडे पाहून पिशवी ठरवितो.

संगणक, मोबाईल किंवा प्रिंटर ह्यांचा जो आयपी पत्ता असतो त्याची रचनाही ह्याच कल्पनेवर उभारलेली आहे. पत्त्याचा पहिला भाग नेटवर्क सांगतो, म्हणजे गांव. उरलेला भाग त्या नेटवर्कांतील यंत्र सांगतो, म्हणजे घर. परंतु एक मोठा भेद आहे, व हा लेख त्या भेदाविषयींच आहे. पिनकोडांत तीन आंकडे झाले कीं पहिला भाग संपला, हें ठरलेलें असतें. आयपी पत्त्यांत गांव कोठें संपतें व घर कोठून सुरू होतें हें पत्ता स्वतः सांगत नाहीं. तें सांगणारी संख्या वेगळी असते. तिला सबनेट मास्क म्हणतात. मास्क न पाहतां नुसता पत्ता पाहणारा मनुष्य अर्धेंच वाचीत असतो. मीं स्वतः असें अर्धें वाचून एका निरपराध विद्यार्थ्यावर संशय घेतला होता. ती हकीकत पुढें येईल.

प्रथम पत्ता म्हणजे काय तें पाहूं. एखाद्या यंत्राचा पत्ता १९२.१६८.१०.३४ असा दिसतो : चार संख्या व त्यांच्यामध्यें टिंबें. ह्या संख्या माणसाच्या सोयीसाठीं आहेत. यंत्रास दोनच चिन्हें कळतात, ० आणि १. मराठीच्या तासाला ज्यांनीं वृत्तें ओळखण्याचा अभ्यास केला आहे त्यांना हें अवघड वाटूं नये. तेथेंही लघु आणि गुरु अशीं दोनच चिन्हें असतात. आठ अक्षरांच्या चरणांत लघु-गुरूंचे किती प्रकार होतील ? प्रत्येक अक्षरास दोन पर्याय. म्हणून आठ वेळां दोन घेऊन त्यांचा गुणाकार करावयाचा. उत्तर २५६. असे सर्व प्रकार क्रमानें मांडण्याची रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रांत सांगितली आहे. तिला प्रस्तार म्हणतात.

लघु म्हणजे ० व गुरु म्हणजे १ असें धरा. मग आयपी पत्त्यांतील प्रत्येक संख्या हा आठ अक्षरांचा एक चरण होतो. २५६ प्रकारांस ० पासून २५५ पर्यंत क्रमांक दिले आहेत. म्हणूनच पत्त्यांत २५५ च्या वरची संख्या कधींच आढळत नाहीं. चरण चार, प्रत्येकाचीं अक्षरें आठ, एकूण बत्तीस. अनुष्टुभ् श्लोकाचीं अक्षरेंही बत्तीसच. हा केवळ योगायोग आहे, त्यावरून कोणीं भलता निष्कर्ष काढूं नये; परंतु लक्षांत ठेवण्यास तो फार सोयीचा आहे.

चरणांतील आठ स्थानांच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा असतात. ३४ म्हणजे ३२ आणि २. म्हणून ३४ हे ००१०००१० असे लिहावे. ९० म्हणजे ६४, १६, ८ आणि २; ते ०१०११०१० असे. दहाबारा संख्या अशा मोडून पाहिल्या म्हणजे हात बसतो. ह्यापेक्षां अधिक गणित ह्या विषयांत नाहीं.

वृत्तांत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे यतिस्थान. अमुक अक्षरानंतर वाचणारानें थांबावें असें ठरलेलें असतें. आयपी पत्त्याच्या बत्तीस अक्षरांत यतिस्थान कोठें तें मास्क सांगतो. मास्कही बत्तीस अक्षरांचाच, पण त्यांत सरमिसळ नसते : आधीं सर्व १, मग सर्व ०. जेथें १ संपतात तेथें थांबावयाचें. २५५.२५५.२५५.० ह्या मास्कांत पहिले चोवीस १ आहेत व शेवटचे आठ ०. म्हणून चोवीस अक्षरें गांवाचीं व आठ घराचीं. हेंच थोडक्यांत पत्त्यापुढें तिरकी रेघ ओढून /२४ असें लिहितात. २५५.२५५.२५५.१९२ ह्या मास्काचा शेवटचा चरण ११०००००० असा आहे. म्हणून तो /२६.

हें यतिस्थान पूर्वीं इतकें चंचल नव्हतें. ह्या पत्त्यांचे नियम सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध झाले, तेव्हां यंत्रांस देण्याच्या पत्त्यांकरितां तीनच स्थानें ठरलेलीं होतीं : आठव्या, सोळाव्या किंवा चोविसाव्या अक्षरानंतर, आणि त्यांपैकीं कोणतें तें पत्त्याच्या आरंभावरूनच ओळखतां येई. सोय होती, पण उधळपट्टीही होती. चोविसाव्या अक्षरानंतर थांबलें तर २५४ यंत्रांची जागा मिळे, सोळाव्यानंतर थांबलें तर एकदम ६५,५३४ यंत्रांची. ज्या संस्थेपाशीं तीनशें यंत्रें आहेत तिनें काय करावें ? लहान सदरा अंगांत जाईना, आणि मोठा घ्यावा तर त्यांत सारी आळी मावेल. १९८५ मध्यें मोठ्या नेटवर्काचे आंतल्या आंत लहान भाग पाडण्याची रीत ठरली. ह्या भागांसच सबनेट म्हणतात, मराठींत उपजाल म्हणावें. पुढें १९९३ मध्यें यतिस्थान कोठेंही ठेवण्याची मोकळीक सर्वत्र देण्यांत आली. तेव्हांपासून मास्क पाहिल्याशिवाय गत्यंतर उरलें नाहीं.

आतां हातानें एक उदाहरण सोडवूं. पत्ता १९२.१६८.१०.३४, मास्क २५५.२५५.२५५.१९२. नियम असा कीं, मास्कांत जेथें १ आहे तेथें पत्त्याचें अक्षर जसेंच्या तसें उतरवावें, व जेथें ० आहे तेथें ० लिहावें. पहिल्या तीन चरणांत मास्काचीं सर्व अक्षरें १ आहेत, म्हणून १९२.१६८.१० हें तसेंच राहतें. शेवटच्या चरणांत ३४ म्हणजे ००१०००१०. ह्याचीं पहिलीं दोनच अक्षरें ठेवावयाचीं, बाकीचीं पुसावयाचीं. उरलें ००००००००. म्हणजे ह्या यंत्राचें नेटवर्क १९२.१६८.१०.०. आतां त्याच मास्कानें १९२.१६८.१०.९० हा पत्ता पहा. ९० म्हणजे ०१०११०१०. पहिलीं दोन अक्षरें ०१. उरलें ०१००००००, म्हणजे ६४. नेटवर्क निघालें १९२.१६८.१०.६४. दोन्ही पत्ते पाहतांना अगदीं शेजारचे वाटतात, पण गांवें निराळीं निघालीं.

थोडक्यांत करावयाचें असल्यास २५६ मधून मास्काची शेवटची संख्या वजा करावी : २५६ वजा १९२, बाकी ६४. ह्यावरून वस्त्या ०, ६४, १२८ व १९२ ह्या आंकड्यांपासून सुरू होतात हें तत्काळ दिसतें. प्रत्येक वस्तींत ६४ आंकडे; त्यांतील पहिला स्वतः नेटवर्काचें नांव असतो, आणि शेवटचा वस्तींतील सर्वांस एकदम हांक मारण्यासाठीं राखलेला असतो. तो प्रसारण-पत्ता. यंत्रांस देण्याजोगे उरले ६२.

हें सर्व कशासाठीं ? यंत्र कोणासही निरोप पाठविण्यापूर्वीं हेंच गणित करितें. स्वतःच्या पत्त्यास स्वतःचा मास्क लावून पाहतें. ज्यास निरोप जावयाचा त्याच्या पत्त्यासही तोच मास्क लावून पाहतें. दोन्ही उत्तरें एक आलीं तर घेणारा गांवांतलाच आहे असें समजून निरोप थेट पोंचवितें. उत्तरें निराळीं आलीं तर तो राऊटराच्या स्वाधीन करितें. त्या राऊटराचा पत्ता यंत्रांत गेटवे ह्या नांवानें लिहून ठेवलेला असतो. गेटवे म्हणजे आपलें कापूरहोळ. गांवाबाहेर जाणारें सारें तेथूनच जातें. ज्या यंत्रास गेटवे सांगितलेला नाहीं त्याला परगांवची वाटच नाहीं, व तें तसें सांगून स्वस्थ बसतें.

आतां ती हकीकत. एका विद्यालयांत संगणकांच्या खोलीचें काम माझ्याकडे होतें. चार ओळी, प्रत्येकींत आठ यंत्रें. पत्ते ओळींप्रमाणें दिलेले होते. सर्वांचा आरंभ १९२.१६८.१० असा, आणि शेवटची संख्या पहिल्या ओळींत ११ पासून १८, दुसरींत ३१ पासून ३८, तिसरींत ५१ पासून ५८, चौथींत ७१ पासून ७८. कोंपऱ्यांतील प्रिंटरास ९०. त्या खोलीस इंटरनेट दिलेलें नव्हतें, म्हणून गेटवेचा रकाना रिकामाच होता. उन्हाळ्याच्या सुटींत मीं सर्व यंत्रांची मांडणी नव्यानें केली. शाळा उघडली, आणि पहिल्या तीन ओळींतील एकही यंत्र छापीना. चौथी ओळ मात्र बिनतक्रार छापीत होती.

चौथ्या ओळींत एक विद्यार्थी बसत असे. भोरकडच्या एका खेड्यांतून तो रोज एस.टी.नें येई, संगणकांत फार रमे. मागें एकदां त्यानें एका यंत्राचा पडदा उलटा करून ठेवून वर्गास हंसविलें होतें. तेव्हां सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. त्याचीच ओळ तेवढी चालते, म्हणजे इतरांची वाट त्यानेंच अडविली असावी, हा तर्क मलाही सरळ वाटला. वर्गासमोर मीं त्यास तसें बोललों, खोलींत येण्यास मनाई केली, आणि वडिलांस घेऊन ये म्हणून सांगितलें. इकडे प्रिंटर जुना झाला असें म्हणून नव्याची किंमतही विचारण्यांत आली. मुलानें वाट अडविली असेल तर प्रिंटर चांगला आहे, आणि प्रिंटर बिघडला असेल तर मूल निर्दोष आहे, इतकी साधी गोष्ट त्या दोन दिवसांत कोणाच्या ध्यानीं आली नाहीं, माझ्याही नाहीं. मीं यंत्रांचे पत्ते मात्र पुन्हां पुन्हां तपासले. सर्व बरोबर होते.

तिसऱ्या दिवशीं तो वडिलांबरोबर आला. वडील कांहीं बोलले नाहींत. मुलानें वहीचें एक पान माझ्यापुढें ठेविलें व म्हणाला, “सर, एवढें एकदां पाहतां का ?” त्यानें एका मित्राकडून दुसऱ्या ओळींतील यंत्रावर आयपीकॉन्फिग ही आज्ञा देवविली होती. पडद्यावर आलेला पत्ता व मास्क मित्रानें उतरवून दिला. तो त्यानें घरीं मोबाईलवरील सबनेट कॅल्क्युलेटरांत घातला. मग आपल्या ओळीचा घातला. पानावर दोन कोष्टकें होतीं. पत्ता १९२.१६८.१०.३४ : नेटवर्क १९२.१६८.१०.०, पहिला पत्ता १, शेवटचा ६२, प्रसारण-पत्ता ६३. पत्ता १९२.१६८.१०.७७ : नेटवर्क १९२.१६८.१०.६४, पहिला पत्ता ६५, शेवटचा १२६, प्रसारण-पत्ता १२७. खालीं एकच ओळ लिहिलेली होती : प्रिंटर ९०, म्हणून आमच्या बाजूस.

मास्क २५५.२५५.२५५.१९२ होता. पूर्वीं तो २५५.२५५.२५५.० असा असे. सुटींत एका पुस्तकांतील उदाहरण समोर ठेवून बत्तीसही यंत्रांत तो आंकडा मींच भरला होता. प्रिंटराचा मास्क तेवढा जुनाच राहिला. ११ पासून ५८ पर्यंतचीं यंत्रें प्रिंटरास परगांवचा समजत होतीं, आणि त्यांना फाटा ठाऊक नव्हता. अर्ध्या तासांत सर्व मास्क पूर्ववत् केले व पहिल्या ओळीनें कागद बाहेर टाकला. संशय वर्गासमोर घेतला होता, म्हणून क्षमाही वर्गासमोरच मागितली.

आतां सबनेट कॅल्क्युलेटराविषयीं. तो मोबाईलवर किंवा संगणकावर फुकट मिळतो. त्यांत दोन रकाने भरावयाचे : पत्ता, आणि मास्क किंवा तिरक्या रेघेपुढील संख्या. उत्तरांत नेटवर्क, पहिला व शेवटचा उपयोगी पत्ता, प्रसारण-पत्ता व यंत्रांची संख्या येते. /२४ असतांना त्याची फारशी गरज नाहीं. तेथें यतिस्थान टिंबावरच पडतें, व डोळ्यांनीं दिसतें. खरी गरज पडते ती यतिस्थान तिसऱ्या चरणाच्या पोटांत गेल्यावर. १७२.१६.३७.५/२० हा पत्ता घ्या. मास्क २५५.२५५.२४०.०, २५६ वजा २४०, बाकी १६, तिसऱ्या चरणांत वस्त्या ०, १६, ३२, ४८ अशा सुरू होतात, ३७ हा ३२ च्या वस्तींत. म्हणजे हें नेटवर्क १७२.१६.३२.० पासून १७२.१६.४७.२५५ पर्यंत पसरलें आहे व त्यांत ४,०९४ यंत्रें मावतात. येथें १७२.१६.३२.९ आणि १७२.१६.४७.२०० हे एकाच गांवचे, पण १७२.१६.४७.२०० व १७२.१६.४८.३ हे दोन गांवचे. डोळा येथें हमखास फसतो.

तरीही कॅल्क्युलेटरावर सर्व भार टाकूं नये. तो यंत्राकडे पाहत नाहीं, फक्त आंकड्यांकडे पाहतो. अमुक पत्ता दुसऱ्या कोणास आधींच दिलेला आहे काय, तार तुटली आहे काय, हें त्यास कळत नाहीं. मास्क चुकीचा भरला तर तो चुकीच्या प्रश्नाचें बिनचूक उत्तर देतो. म्हणून पत्ता व मास्क दोन्ही त्या यंत्रावरूनच वाचून घ्यावे, आठवणीनें लिहूं नयेत. मोबाईलवर ते वायफायच्या माहितींत सांपडतात. तेथें पत्ता १६९.२५४ नें सुरू होतांना दिसला तर गणित करीत बसूं नये. राऊटराकडून पत्ता न मिळाल्यामुळें यंत्रानें आपला आपण घेतलेला तो पत्ता असतो.

कित्येकांस असें दिसून येईल कीं, आपल्या मोबाईलचा घरचा पत्ता व मित्राच्या मोबाईलचा त्याच्या घरचा पत्ता तंतोतंत एकच आहे. ह्यांत चूक नाहीं. १० नें सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ नें सुरू होणारे, हे घरगुती वापरासाठीं मोकळे ठेविले आहेत; तसा नियम फेब्रुवारी १९९६ मध्यें झाला. प्रत्येक गांवांत घर क्रमांक १२ असतेंच, त्यांतला हा प्रकार. घराबाहेर पडतांना राऊटर आपला दुसरा पत्ता निरोपावर घालतो, व उत्तर आलें म्हणजे आंतील योग्य यंत्रास देतो.

अशी काटकसर करणें भाग होतें. बत्तीस अक्षरांचे सर्व प्रकार मोजले तर ४,२९,४९,६७,२९६ होतात. १९८१ मध्यें ही संख्या अफाट वाटली असेल. आपल्या देशांत विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्य लोकांस इंटरनेट खुलें केलें (पिनकोडाची तारीखही हीच, तेवीस वर्षांपूर्वींची), आणि त्यानंतर पुरतीं सोळा वर्षें झालीं नाहींत तोंच, ३ फेब्रुवारी २०११ रोजीं, जगाच्या मध्यवर्ती कोठारांतील पत्त्यांचे शेवटचे मोठे गट वांटून संपले. पुढच्या सोयीसाठीं जी नवी पद्धति केली आहे तिचा पत्ता १२८ अक्षरांचा, म्हणजे पुरत्या चार अनुष्टुभांएवढा असतो. त्यांतही यतिस्थान आहेच, व तेंही तिरक्या रेघेनेंच दाखवितात. भारतांत दोन्ही प्रकारचे पत्ते नोंदून देण्याचें काम इंडियन रजिस्ट्री फॉर इंटरनेट नेम्स अँड नंबर्स ही संस्था करिते.

एक उदाहरण तुम्हांसाठीं ठेवितों. ग्रंथालयास १९२.१६८.२०.६४/२७ हें नेटवर्क दिलें आहे. तेथें नवा संगणक आला. ९० पासून ९४ पर्यंतचे पत्ते इतर यंत्रांस गेलेले आहेत, म्हणून ग्रंथपालांनीं नव्यास क्रमानें पुढचा, म्हणजे १९२.१६८.२०.९५, देण्याचें ठरविलें. यंत्र तो पत्ता घेईना. कां, तें आधीं वहींत सोडवावें. कॅल्क्युलेटर नंतर उघडावा.